वर्णन एक, चित्रपट दुसरा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना माल विक्री कायदा, १९३० मधील पंधरावे कलम पाठ असते. वर्णनावरून माल विकला तर तो माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट करारात न लिहिता आपोआप येते, असे ते कलम सांगते. पाठ्यपुस्तकात याची उदाहरणे गहू, सूत, लाकूड आणि यंत्रे यांची असतात. पण आज आपल्यापैकी बहुतेकजण दररोज वर्णनावरून जी वस्तू निवडतात ती गहूही नव्हे आणि सूतही नव्हे. ती म्हणजे स्ट्रीमिंग सेवेवरील चित्रपट. एक लहानसे चित्र, एक नाव, प्रकाराचे दोनतीन शब्द आणि दोन ओळींचा मजकूर, एवढ्यावर आपण दोन तासांचा सौदा करतो. पुष्कळदा चित्रपट सुरू झाल्यावर कळते की वर्णन एक होते आणि चित्रपट दुसराच आहे.

हा प्रकार केवळ गमतीचा आहे असे मानून आपण तो सोडून देतो. प्रस्तुत लेखात त्याकडे वाणिज्याच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. असे वर्णन का तयार होते, त्यात लाभ कोणाचा, कायदा त्याविषयी काय म्हणतो आणि तोटा शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हे चार प्रश्न येथे घेतले आहेत.

चित्रपट ही कोणत्या जातीची वस्तू?

फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग पाडले. काही वस्तूंचा गुण घेण्यापूर्वी पाहून कळतो. कापडाचा रंग, टेबलाची उंची, वहीची पाने ही त्यातली. काही वस्तूंचा गुण मात्र वापरल्यावाचून कळत नाही. हॉटेलातील जेवण दुसऱ्या वर्गात येते, आणि चित्रपटही तेथेच बसतो.

या दुसऱ्या वर्गातही एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. साबण वाईट निघाला तर आपण पुढच्या महिन्यात तो घेत नाही. या भीतीने साबणवाला काही प्रमाणात सरळ राहतो. पण चित्रपट आपण बहुधा एकदाच पाहतो. फसलेला गिऱ्हाईक तीच वस्तू घ्यायला पुन्हा यायचाच नसेल, तर विक्रेत्यावरचा तो धाक राहत नाही. म्हणून चित्रपटाच्या धंद्यात वर्णनाला फार महत्त्व आहे, आणि वर्णन वाकवण्याचा मोहही तितकाच मोठा आहे.

हा मोह स्ट्रीमिंगने आणलेला नाही. अमेरिकेत १९५०च्या दशकात 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स' या कंपनीचे जेम्स निकल्सन आधी नाव आणि भित्तिचित्र तयार करून घेत, आणि त्यांना थिएटरवाल्यांची पसंती मिळाली की मग चित्रपट काढला जाई. १९५५ सालच्या 'द बीस्ट विथ अ मिलियन आइज' या चित्रपटाचे नाव आणि जाहिरात पाहून प्रेक्षक दहा लाख डोळ्यांच्या राक्षसाची वाट पाहत बसला असेल. प्रत्यक्षात चित्रपटात असा राक्षस नाही. परग्रहावरून आलेला जीव पशुपक्ष्यांच्या डोळ्यांतून पाहतो, म्हणून त्याला दहा लाख डोळे, असा खुलासा आहे! नाव शब्दशः खोटे ठरत नाही, पण ज्या अर्थाने तिकीट घेतले गेले त्या अर्थाने ते खरेही नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक उदाहरणांत हेच सूत्र दिसेल.

नावाची नक्कल

स्ट्रीमिंग सेवांवर चाळताना जे विचित्र चित्रपट भेटतात, त्यातील एक मोठा गट नक्कल-नावांचा आहे. अमेरिकेतील 'द असायलम' ही कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. २००६ साली 'स्नेक्स ऑन अ प्लेन' हा मोठा चित्रपट आला, तेव्हा या कंपनीने 'स्नेक्स ऑन अ ट्रेन' काढला. २००७ साली 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या वेळी 'ट्रान्समॉर्फर्स' आणि २०१३ साली 'पॅसिफिक रिम'च्या वेळी 'अटलांटिक रिम' आला. त्याच २०१३ साली याच कंपनीचा 'शार्कनेडो' दूरचित्रवाणीवर गाजला. वावटळीतून शार्क मासे शहरावर पडतात, अशी त्याची कथा. मात्र 'शार्कनेडो' फसवा नाही. नावात जे आहे तेच चित्रपटात आहे. विचित्र चित्रपट आणि फसवा चित्रपट हे दोन वेगळे वर्ग आहेत, हे येथे नोंदवून ठेवावे.

ब्राझीलमधील 'व्हिडिओ ब्रिंकेडो' या कंपनीने हाच मार्ग मुलांच्या चित्रपटांत चोखाळला. पिक्सारचा 'रॅटॅटूई' २००७ साली आला आणि स्वयंपाकी उंदराचीच कथा असलेला 'रॅटाटोइंग' त्याच वर्षी तयार झाला. घाईत असलेल्या आईवडिलांनी मुलांना कोणता लावून दिला असेल, हे सांगावयास नको.

या नकलेवर न्यायालयातही वाद झाला. २०१२ साली असायलमने 'एज ऑफ द हॉबिट्स' हा चित्रपट जाहीर केला. त्याच डिसेंबरात वॉर्नर ब्रदर्सचा 'द हॉबिट' प्रदर्शित व्हावयाचा होता. वॉर्नरने दावा केला. असायलमचा बचाव मोठा चतुर होता. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ साली एका लहान चणीच्या आदिमानवाचे अवशेष सापडले होते, आणि शास्त्रज्ञ त्याला लाडाने 'हॉबिट' म्हणत. आमचा चित्रपट त्या आदिमानवाविषयी आहे, असे कंपनीचे म्हणणे. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि प्रदर्शनाला तात्पुरती मनाई केली. चित्रपट पुढे 'क्लॅश ऑफ द एम्पायर्स' या नावाने आला.

या खटल्यात फिर्यादी कोण होता, याकडे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे. फसला जाणार होता तो प्रेक्षक, पण न्यायालयात गेला तो व्यापारचिन्हाचा मालक. प्रेक्षकाचे रक्षण झाले ते मालकाच्या हक्काच्या आडोशाने झाले. नाव कोणाही बड्या कंपनीच्या चिन्हाशी जुळत नसेल, तर अशा रीतीने दाद मागणारा कोणी उरत नाही.

आपल्याकडे नक्कल नसली तरी नावबदल भरपूर आहे. तेलुगूतील 'जुलायि' (२०१२) हिंदीत 'डेंजरस खिलाडी' झाला, 'रेस गुर्रम' (२०१४) हा 'मैं हूं लकी : द रेसर' झाला आणि 'मास' (२००४) हा 'मेरी जंग : वन मॅन आर्मी' झाला. 'जुलायि' या शब्दात उनाड, रिकामटेकड्या पोराचा जो मिस्कील भाव आहे, तो 'डेंजरस खिलाडी'त उरत नाही. भाषांतर करणाऱ्याने शब्द भाषांतरित केलाच नाही. हिंदी बाजारात खपेल असे दुसरेच लेबल त्याने चिकटवले.

चित्राची निवड

आता वर्णनाच्या दुसऱ्या घटकाकडे, म्हणजे छोट्या चित्राकडे वळू. थिएटरवरील भित्तिचित्र सर्वांसाठी एकच असे. स्ट्रीमिंगमध्ये तसे राहिलेले नाही. नेटफ्लिक्सच्या तंत्रज्ञांनी डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच एक लेख लिहून ही पद्धत समजावून दिली. एकाच चित्रपटाची अनेक चित्रे तयार असतात आणि पाहणाऱ्याच्या पूर्वीच्या आवडीनुसार त्यातील एक त्याला दाखवले जाते. त्यांनीच दिलेले उदाहरण 'गुड विल हंटिंग'चे आहे. प्रेमकथा पाहणाऱ्यास मॅट डेमन आणि मिनी ड्रायव्हर यांचे चित्र, तर विनोदी चित्रपट पाहणाऱ्यास रॉबिन विल्यम्स यांचे. रॉबिन विल्यम्स विनोदी नट म्हणून ख्यातनाम होते, हे खरे. पण त्या चित्रपटात ते पत्नीच्या मृत्यूचे दुःख बाळगणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या भूमिकेत आहेत. चित्र खरे आहे आणि नटही खरा आहे, पण त्यावरून होणारी अपेक्षा फसवी ठरू शकते.

२०१८ साली या पद्धतीवर अमेरिकेत टीका झाली. 'लाइक फादर' या चित्रपटात क्रिस्टन बेल आणि केल्सी ग्रामर हे मुख्य नट आहेत. परंतु काही कृष्णवर्णीय प्रेक्षकांना जे चित्र दिसले त्यात थोडाच वेळ पडद्यावर असलेले कृष्णवर्णीय सहकलाकार होते. आम्ही कोणाचा वंश विचारत नाही, केवळ पूर्वी काय पाहिले त्यावरून चित्र ठरते, असे कंपनीने उत्तर दिले. उत्तर खरे मानले तरी प्रश्न शिल्लक राहतो. दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकासमोर त्याच मालाची वेगळी बाजू वर करून ठेवली, तर दोन गिऱ्हाइकांना एकमेकांशी बोलून मालाची परीक्षाही करता येत नाही.

प्रकाराच्या शब्दांचेही तसेच. अमेरिकन पत्रकार अ‍ॅलेक्सिस मॅड्रिगल यांनी जानेवारी २०१४ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये लिहिले की नेटफ्लिक्सवर त्यांनी मोजलेल्या सूक्ष्म प्रकारांची संख्या ७६,८९७ भरली. ग्रंथालयातील वर्गीकरण पुस्तक सापडावे म्हणून असते. इतके बारीक वर्गीकरण मात्र गिऱ्हाईक सापडावे म्हणून असते. २०१७ साली नेटफ्लिक्सने प्रेक्षकांनी द्यावयाचे तारे काढून अंगठा वर किंवा खाली अशी पद्धत आणली आणि सोबत जुळणीची टक्केवारी दाखवली. ही टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण, असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः तुम्हाला हा आवडेल असा तो यंत्राचा अंदाज होता. परीक्षेच्या गुणपत्रिकेची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ९५ टक्के म्हणजे उत्तम असेच वाटते.

खरे, पण फसवे

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे ज्या वर्णनातील प्रत्येक शब्द खरा असतो ते वर्णन. हे समजण्यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक चित्रपट घेऊ. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२). त्याची तीन वर्णने मी तयार केली आहेत.

पहिले : 'गावात तमाशाचा फड येतो, आणि शिस्तीचे कडक गुरुजी व फडातील नर्तकी यांची जुंपते. बहारदार लावण्यांनी नटलेला रंगीत चित्रपट.'

दुसरे : 'एका प्रेताची ओळख चुकते. मेलेला समजला गेलेला माणूस स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून पकडला जातो. एक विलक्षण खूनकथा.'

तिसरे : 'आदर्श शिक्षकाचे अधःपतन. गावाने आपली जी मूर्ती उभारली ती भंगू नये म्हणून स्वतःचा जीव देणाऱ्या माणसाची शोकांतिका.'

तिन्ही वर्णनांत खोटा असा शब्द नाही. पण पहिले वाचून येणारा प्रेक्षक लावण्या ऐकायला येईल, दुसरे वाचून येणारा पोलीसतपासाची वाट पाहील, आणि तिसरे वाचून येणाऱ्यालाच साधारण जे आहे ते मिळेल. तिसऱ्या वर्णनाने शेवट मात्र सांगून टाकला! म्हणजे प्रामाणिक वर्णन लिहिणेही सोपे काम नाही, हेही मान्य करावे लागते.

मराठी 'कोर्ट' (२०१४) आणि कन्नड 'तिथि' (२०१५) या दोन चित्रपटांची अडचण याच जातीची आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला 'न्यायालयीन नाट्य' असे लेबल लावले तर ते चूक म्हणता येणार नाही. सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असलेल्या लोकशाहिराचा खटला त्यात आहे. परंतु 'न्यायालयीन नाट्य' म्हटल्यावर आपल्याला टेबलावर मूठ आपटणारा वकील हवा असतो, आणि येथे तर तारखा पडतात, कागद वाचले जातात, न्यायाधीश जांभई देतील की काय असे वाटते. तोच या चित्रपटाचा विषय आहे. लेबलावर विश्वासून आलेला माणूस वीस मिनिटांत उठून जाईल आणि चित्रपट कंटाळवाणा आहे असे चार लोकांना सांगेल.

राम रेड्डी यांच्या 'तिथि'चे उलट आहे. कन्नडमध्ये 'तिथि' म्हणजे मृत्यूनंतरचा विधी. मराठीतही आपण 'आजोबांची तिथ' म्हणतो, पण नाव वाचताच पहिला अर्थ मनात येतो तो पंचांगातला. मंड्य भागातील एका खेड्यात १०१ वर्षांचे 'सेंच्युरी गौडा' वारतात आणि पुढे अकराव्या दिवसापर्यंत मुलगा, नातू आणि पणतू यांच्या तीन तऱ्हा दिसतात. 'वृद्धाचा मृत्यू आणि कुटुंबाची प्रतिक्रिया' असे वर्णन वाचून कोणीही रुमाल घेऊन बसेल. प्रत्यक्षात हा चित्रपट हसवतो. याच्या नटांपैकी बहुतेक जण त्या भागातील साधी गावकरी माणसे आहेत. या दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांना सजवलेल्या वर्णनाची गरज नव्हती, नेमक्या वर्णनाची मात्र फार होती.

काही वेळा वर्णन मागाहूनही बदलते. टॉमी विझो यांचा 'द रूम' (२००३) गंभीर प्रेमनाट्य म्हणून प्रदर्शित झाला. लोक त्याच्या बावळटपणावर पोट धरून हसू लागले, तेव्हा पुढील जाहिरातींत त्याला विनोदी चित्रपट म्हटले गेले. माल तोच राहिला आणि वर्णन बदलून तो खपू लागला.

मोजणीचा परिणाम

येथवर वाचल्यावर कोणी विचारील की स्ट्रीमिंग सेवेला यात लाभ काय? प्रेक्षक तर महिन्याचे पैसे आधीच भरून बसला आहे. याचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीत सापडते.

नेटफ्लिक्स आपल्या चित्रपटांचे आकडे सांगताना आरंभी चित्रपटाचा ७० टक्के भाग पाहिला तर एक प्रेक्षक धरीत असे. जानेवारी २०२० मध्ये ही पद्धत बदलून किमान दोन मिनिटे पाहणारा प्रत्येकजण मोजला जाऊ लागला. दोन मिनिटे म्हणजे निवड जाणूनबुजून केली असे मानण्यास पुरेसा वेळ, असे त्यामागील कारण दिले गेले. २०२१च्या अखेरीस पाहिलेले एकूण तास मोजण्याची पद्धत आली, आणि जून २०२३ पासून एकूण तासांना चित्रपटाच्या लांबीने भागून येणारी संख्या 'प्रेक्षणे' म्हणून दिली जाऊ लागली.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. चित्रपट १२० मिनिटांचा आहे. फसव्या वर्णनामुळे १०० जणांनी तो सुरू केला आणि बाराव्या मिनिटाला सर्वांनी बंद केला.

पहिल्या पद्धतीने प्रेक्षक : ०.
दुसऱ्या पद्धतीने प्रेक्षक : १००.
तिसऱ्या पद्धतीने एकूण वेळ : १२०० मिनिटे, म्हणजे २० तास.
चौथ्या पद्धतीने : १२०० भागिले १२०, म्हणजे १० प्रेक्षणे.

घटना एकच, आणि आकडे शून्यापासून शंभरापर्यंत! घसारा कोणत्या पद्धतीने काढला यावर नफा बदलतो हे आपण लेखाकर्मात शिकतो, त्यातलाच हा प्रकार. दोन मिनिटांच्या हिशेबात चित्रपट चांगला असण्यापेक्षा तो सुरू करवून घेणे महत्त्वाचे ठरते, आणि सुरू करवून घेण्याचे काम वर्णन करते. पुढच्या पद्धतीत हा दोष कमी झाला, तरी गेला नाही. दहा प्रेक्षणे ही शून्यापेक्षा जास्तच आहेत. ज्या गोष्टीचे मोजमाप होते तिच्याकडे धंदा वळतो, हे व्यवस्थापनाच्या अभ्यासातील जुने तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते.

कायदा काय म्हणतो?

प्रारंभी उल्लेखिलेले पंधरावे कलम मालाला लागू आहे. स्ट्रीमिंग ही सेवा असल्याने आपल्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कडे वळावे लागते. त्याच्या कलम २(२८) मध्ये फसव्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूचे किंवा सेवेचे खोटे वर्णन करणे आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे या दोन्ही गोष्टी तीत येतात. या कायद्याखाली स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि अपराध पुन्हा घडल्यास ही मर्यादा ५० लाख रुपये आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये या प्राधिकरणाने १३ 'काळ्या क्लृप्त्यां'ची यादी प्रसिद्ध केली. एक दाखवून दुसरेच गळ्यात मारणे ही त्यातील एक आहे.

कलाकृतीच्या बाबतीत मात्र न्यायालयाने वेगळा विचार केला आहे, आणि तो खटला आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातला आहे. २०१६ सालच्या 'फॅन' या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत 'जबरा फॅन' हे गाणे होते. चित्रपटात ते गाणे नव्हते. औरंगाबाद येथील (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च देवविला, आणि राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम केला. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र निर्मात्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चित्रपटाची झलक ही एकतर्फी असते. ती करार कायद्याच्या अर्थाने प्रस्ताव नव्हे, म्हणून तिच्यातील प्रत्येक गोष्ट चित्रपटात असेलच असे वचन त्यातून निघत नाही, आणि कलेच्या सेवेत कर्त्याला काही स्वातंत्र्य असलेच पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

अमेरिकेत अशाच वादात एका न्यायालयाने दुसरा सूर लावला. 'येस्टर्डे' (२०१९) च्या झलकेत आना दे आर्मास ही नटी दिसते, चित्रपटात तिचा भाग कापलेला आहे. दोन प्रेक्षकांनी दावा केला. झलक ही कलाकृती आहे म्हणून तिला पूर्ण अभिव्यक्तिस्वातंत्र्य हवे, असे चित्रपट कंपनीचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले की झलक ही मुळात जाहिरात आहे आणि फसव्या जाहिरातीचे कायदे तिला लागू होऊ शकतात.

माझ्या मते या दोन निकालांचा मेळ घालताना वर्णनाचे दोन भाग करावेत. भाषा, लांबी, मुख्य नट आणि वयोगट या गोष्टी तथ्यांच्या आहेत. त्या चुकल्या तर चूक सिद्ध करता येते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१च्या नियमांनी सर्वांसाठी, ७+, १३+, १६+ आणि केवळ प्रौढांसाठी असे वर्गीकरण दाखवणे बंधनकारक केले आहे, ते यामुळेच. 'हृदयस्पर्शी', 'थरारक', 'खुसखुशीत' हे शब्द मात्र मताचे आहेत. त्यांवर न्यायालयात काही सिद्ध होणार नाही, आणि व्हावेही असे नाही. कायद्याचा दिवा तथ्यांपर्यंत पोहोचतो. मतांच्या प्रांतात प्रेक्षकाला स्वतःची समज वापरावी लागते.

तोटा कोणाचा?

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण दिले. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल तर तो सर्वच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. ती किंमत परवडत नाही म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि खराब माल मागे उरतो. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विचाराच्या कामासाठी.

स्ट्रीमिंगमध्ये दर चित्रपटाला वेगळी किंमत नसते, तेव्हा हा सिद्धांत येथे कसा लागू पडतो, असा आक्षेप कोणी प्राध्यापक घेतील. तो रास्त आहे. येथे किंमत पडत नाही, पण विश्वास पडतो. चारदा फसलेला प्रेक्षक पाचव्या वेळी अनोळखी नावाला हात लावत नाही. तो ओळखीच्या नटाकडे आणि आधी पाहिलेल्या चित्रपटाकडे वळतो. बड्या चित्रपटाचे यात काही बिघडत नाही, कारण त्याला वर्णनाची गरजच नसते. बिघडते ते लहान चित्रपटाचे. दुसऱ्याने खोटे वर्णन लिहिले आणि दंड भरला तो ज्याचे वर्णन खरे होते त्याने! मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील कमी खर्चाचे चित्रपट याच वर्गात येतात. गावातील थिएटरात त्यांना आठवडाभरही जागा मिळणे कठीण, आणि स्ट्रीमिंगवर जागा मिळाली तर हजारो नावांच्या गर्दीत त्यांची सारी भिस्त त्या दोन ओळींवर.

आपण काय करू शकतो?

चित्रपट लावण्यापूर्वी चार गोष्टी पाहण्याची सवय लावून घ्यावी. एक, दिग्दर्शकाचे नाव आणि प्रदर्शनाचे वर्ष. नक्कल-नावाचा चित्रपट बहुधा येथेच ओळखू येतो. दोन, मूळ भाषा आणि मूळ नाव. तीन, चित्रात दिसणारा नट नामावलीत कितव्या क्रमांकावर आहे. चार, वर्णनातील विशेषणे मनातल्या मनात खोडून जे उरते ते. पुष्कळ वर्णनांत काहीच उरत नाही, आणि तीही एक माहितीच आहे.

याहून अधिक एक गोष्ट आपल्या महाविद्यालयात करता येण्याजोगी आहे. आपल्या नियतकालिकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत आणि आपल्यातील कित्येकांना दोन्ही भाषा येतात. भित्तिपत्रकावर दर पंधरवड्याला एका मराठी चित्रपटाचे कन्नडमध्ये आणि एका कन्नड चित्रपटाचे मराठीत, प्रत्येकी पाच ओळींचे वर्णन लावावे. नियम दोनच असावेत : लिहिणाऱ्याने चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला असावा, आणि वर्णनाखाली त्याचे नाव व वर्ग असावा. ज्याचे वर्णन वाचून आपण फसलो तो उद्या वाचनालयात समोर बसलेला दिसणार असेल, तर विशेषणे आपोआप कमी होतील. आरंभ 'कोर्ट' आणि 'तिथि' यांनीच करावा, अशी माझी दोन्ही विभागांच्या संपादकांना विनंती आहे.